आपल्याचं माप

वनिताच्या भावाचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत मुलांची तोंडी परीक्षा घेत होते. "ताई गेली," एवढंच तो म्हणाला, आणि माझ्या तोंडून निघालं, "कुणी बघितलं? डॉक्टरांनी बघितलं का?" तो म्हणाला, हो, डॉक्टरांनीच सांगितलं. मी परत विचारलं, नीट बघितलं ना... बहीण गेलेल्या माणसाला असं कुणी विचारत नाही, हे मलाही कळतं. पण तो चिडला नाही. त्याच घरात वाढलेला तो. कोणतीही बातमी पहिल्या सांगण्यात खरी मानायची नाही ही त्याच्या बहिणीची सवय त्याला ठाऊक होती, आणि इतक्या वर्षांच्या मैत्रीत ती मलाही लागली होती. तिच्याबद्दलची बातमी तपासून घ्यायला आता ती स्वतः नव्हती, म्हणून ते काम माझ्याकडे आलं, असं मी समजले.

वनिताच्या गावी, पालेगावला पोचले तर घरासमोर माणसं जमलेली. एक बाई म्हणाल्या, शांतपणे गेली. मला लगेच शंका आली. संधिवाताने शेवटी फुप्फुसं धरलेल्या माणसाला श्वास कसा लागतो ते मी बघितलं होतं. शांतपणे कुणी बघितलं? एक नातेवाईक कोपऱ्यात सांगत होते की इंग्रजी गोळ्यांनी पोरीला आतून पोखरलं, झाडपाल्यावर राहिली असती तर टिकली असती. तिच्या कंपनीतून आलेला एक जण गेटापाशी अगदी उलटं बोलत होता, शिकलेली असून आईच्या तेलाच्या नादी लागली, वेळ घालवला. अजून तिला बाहेर काढलं नव्हतं आणि दोन्ही बाजूंनी तिला साक्षीदार करून टाकलं होतं. दोन्ही बाजू खोट्या. गोळ्या तिने एक दिवस चुकवल्या नाहीत आणि तेल लावून घेतलं तरी त्याच्या नादी ती कधीच लागली नाही. तिच्या आईचं मोठं दुःख तेच होतं. हे सगळं लिहायला बसले त्याचं कारणही तेच, की वनिताच्या नावावर कुणी काहीही खपवू नये.

मी उल्हासनगरच्या कॅम्प पाचची. आमच्या गल्लीत घरोघरी जीन्स शिवायची मशिनं, बाबा एका कारखान्यात कटिंग करायचे, आणि गल्लीतल्या गटाराचं पाणी निळं वाहायचं. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेली मी पहिली. हे मी कुठेही सांगते, त्यात लाजायचं काय. फार्मसी कॉलेजात पहिल्या आठवड्यात कॅन्टीनमध्ये एक मुलगी समोर येऊन बसली. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, इथला वडा चांगला असतो. तिने वड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कशाच्या तुलनेत?" मला वाटलं, काय शिष्ट आहे ही. ती मात्र मनापासून विचारत होती. कालच्या वड्याच्या, बाहेरच्या गाडीवरच्या, का घरच्या? मला सांगता आलं नाही. तेव्हापासून कुणी काही चांगलं म्हटलं, वाईट म्हटलं, की वनिताचा हाच प्रश्न. माझ्या लग्नाचं जमत होतं तेव्हा मी हिला सांगायला गेले की मुलगा शांत आहे, तर ही तोंडात पेरूची फोड धरून म्हणाली, "कशाच्या तुलनेत?" नवऱ्याला ही गोष्ट मी पुढे सांगितली. त्याने ती बरेच दिवस मनात धरली.

पालेगाव तेव्हा गाव होतं. भाताची खाचरं, बांधांवर झुडपं, आणि गावाच्या कडेला नुकत्याच उभ्या राहायला लागलेल्या इमारती. वनिताचे वडील भोळे. कुणीतरी गोड बोललं, यांनी सही केली, आणि ओढ्याकाठचा जमिनीचा तुकडा गेला. त्यानंतर ते फार जगले नाहीत. वनिताची आई, मी त्यांना मावशी म्हणते, त्या दिवसापासून बदलल्या. बिल्डरची माणसं पेढे घेऊन पायरी चढायची, मावशी त्यांना पाणी द्यायच्या आणि समोर बसून राहायच्या. हो नाही, ना नाही. ती माणसं त्यांच्या चेहऱ्याकडे बघून थकायची आणि उठून जायची. वनिता हे बघत मोठी झाली. गोड बोलण्यावर विश्वास ठेवायचा नाही हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. गोड आकड्यांवरही ठेवायचा नाही, हे तिचं तिने पुढे शिकून घेतलं.

एम.फार्म.ला तिने निगडी घेतली. पुस्तकात निर्गुंडी. बांधावर, कुंपणाला, नाल्याकाठी कुठेही उगवते, पानाची मागची बाजू राखाडी आणि चुरगळली तर असा उग्र वास की गुरं तोंड लावत नाहीत. आमच्या भागात कुणाचा पाय मुरगळला, बाळंतिणीची कंबर धरली, की हाच पाला तव्यावर गरम करून बांधतात किंवा पाण्यात उकळून शेकतात. मावशी तर त्याचा रस तिळाच्या तेलात आटवून तेल करायच्या आणि अख्खं गाव ते न्यायला यायचं. लेकीने तीच निगडी कॉलेजात नेली तेव्हा मावशी येईल जाईल त्याला सांगायच्या, "आमचा कुंपन कॉलेजात गेला, मी नाय गेली."

काम असं होतं. उंदराच्या मागच्या पंजात सूज आणणारं द्रव्य टोचायचं. त्याआधी काही उंदरांना निगडीचा अर्क पाजायचा, काहींना नेहमीचं सूज उतरवणारं औषध आणि काहींना नुसतं पाणी. मग ठरल्या वेळी प्रत्येकाचा पंजा नळीतल्या पाण्यात घोट्यावरच्या शाईच्या खुणेपर्यंत बुडवायचा. पाणी किती वर सरकलं, तेवढी सूज. दुखण्याची चाचणी वेगळी, तापलेल्या पत्र्यावर उंदीर सोडायचा आणि तो पंजा चाटेपर्यंतचा वेळ घ्यायचा. ती वनिताला आवडायची नाही. उंदीर उचलताना ती त्याच्याशी पुटपुटायची, झालं रे, झालं. परवानग्या घेऊन, लागतील तेवढेच प्राणी घेऊन ते काम चालायचं, पण शेवटी ते कुणाच्या तरी दुखण्यावरच उभं असतं, म्हणून त्यात खोटं मिसळलं तर ते दुप्पट पाप, असं तिचं मत.

पहिले आकडे सुंदर आले. निगडीने सूज जवळजवळ बाजारातल्या औषधाइतकी उतरवली. आमचे सर खूष, परिषदेत वाचायचं बोलायला लागले. वनिता मात्र गप्प गप्प. मला वाटलं, हिला आनंद झेपत नाही. एका दुपारी ती माझ्या टेबलापाशी आली आणि म्हणाली, शोभा, माझा हात खोटं बोलतोय. मला कळेना. ती म्हणाली, मघाशी तूच विचारलंस, कुठले उंदीर राहिलेत मोजायचे, तेव्हा मी काय म्हटलं ते आठव. मला आठवलं. ती म्हणाली होती, आपले झाले, सरांचे राहिलेत. आपले म्हणजे निगडीचे, सरांचे म्हणजे बाजारातल्या औषधाचे. सगळे कॉलेजचेच उंदीर, त्यात आपले आणि परके कुठून आले? तो शब्द तोंडातून गेल्यावर तिने स्वतःच्या हातावर नजर ठेवली होती. 'आपला' उंदीर असला की तिचा हात खुणेच्या केसभर आधी थांबत होता. पंजा तेवढाच कमी बुडायचा, पाणी तेवढंच कमी सरकायचं, सूज तेवढीच कमी दिसायची. कुणी फसवत नव्हतं. तिच्या आईच्या कुंपणाचं भलं व्हावं असं तिच्या हाताला वाटत होतं, बस.

"ज्याला आपला म्हणतो त्याचं माप आपण घ्यायचं नाही," ती म्हणाली. असं काही ती क्वचितच बोलायची. म्हणून लक्षात राहिलं.

मग तिने सगळं पहिल्यापासून केलं. कोणत्या पिंजऱ्यात कोण, हे फक्त मला माहीत. मी पिंजऱ्यांना रंगीत चिठ्ठ्या लावायचे आणि ती काहीच माहीत नसताना मोजायची. मोजताना ती माझ्याकडे बघायचीही नाही. तुझा चेहरा काचेचा ग्लास आहे, आतलं पाणी दिसतं, म्हणायची. चिठ्ठ्या उघडल्या तेव्हा निगडीचा गुण होता, पण पहिल्या वेळेच्या मानाने बराच उतरलेला. बाजारातल्या औषधाच्या जवळही नाही. सरांनी विचारलं, आधीचे आकडे वाईट होते का? ती म्हणाली, "चांगले होते सर. म्हणूनच." तिने तोच उतरलेला आकडा लिहिला, तोच परिषदेत वाचला, आणि तिथे कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तिचे पहिले आकडे मला अजून आठवतात. ते छापले असते तर निगडीवर आज किती जणांनी डोळे मिटून विश्वास ठेवला असता, याचा हिशेब मी अजून करते.

शिकून झाल्यावर ती अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या एका कंपनीत तपासणी विभागात लागली. संशय घ्यायचा पगार मिळतो मला, म्हणायची. मी बदलापूरला शिकवायला लागले, म्हणून ती मला मास्तरीण म्हणायची. आमच्या घरी येणं जाणं चालूच होतं. त्या काळात माझ्या बाबांचे गुडघे गेले. आयुष्यभर उभं राहून कटिंग केलेलं. कुणीतरी सांगितलं म्हणून ते बदलापूर गावाकडे बसणाऱ्या एका पुडीवाल्याकडे जायला लागले. शुद्ध जडीबुटी, असं तो सांगायचा. आणि काय सांगू, पुड्यांनी चमत्कार केला. बाबा जिना चढायला लागले. मी औषधशास्त्र शिकवणारी बाई, पण बाप जिना चढतोय म्हटल्यावर कोण कशाला विचारतं... वनिता एका रविवारी आली, बाबा तिला कौतुकाने सांगायला लागले की पहिल्या पुडीला रात्रीत गुडघा मोकळा झाला. ती ऐकत होती आणि त्यांच्या गालांकडे बघत होती.

बाबा म्हणाले, "पालेगाववाली, तुला सगळ्यात खोट दिसते. रात्रीत मोकळा झाला, माझा गुडघा आहे, मला माहीत."

"म्हणून तर काका," वनिता म्हणाली. "आमच्या आईचा पाला रात्रीत काहीच करत नाही. आणि हे गाल कुठून आले?"

"आले तर चांगलं ना. सेठ दिसतो."

ती हसली, पण जाताना एक पुडी पर्समध्ये टाकून घेऊन गेली. तपासून घेतली. झाडपाल्याच्या भुकटीत स्टेरॉइड कालवलेलं होतं. बाबांचे गाल त्यानेच गोल झाले होते. तिने फोन केला तो पुड्या फेकून दे असं सांगायला नव्हे. उलट म्हणाली, एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरकडे न्या, पुडी दाखवा, तो सांगेल तशा हळूहळू सोडवा, एकदम सोडलं तर शरीर कोसळतं. तसं केलं. बाबांचा गुडघा परत दुखायला लागला आणि ते मरेपर्यंत वनिताला म्हणत राहिले की तुझ्यामुळे माझा जिना गेला. ती म्हणायची, हो काका, माझ्यामुळेच. पण त्यानंतर घरात कुठलंही औषध आलं की बाबा आधी विचारायचे, पालेगाववालीला दाखवलंस का?

आणि मग तिलाच धरलं. सकाळी बोटं उघडेनात, अंगठी जाईना, प्रयोगशाळेत पिपेट हातातून सुटायला लागली. तिला लगेच कळलं काय आहे ते, तरी तिने दोन डॉक्टरांकडून खात्री करून घेतली. आमवात, म्हणजे शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठतं तो संधिवात. दोन्ही मनगटं सारखीच सुजायची, लाल, गरम. जिने इतक्या पंजांची सूज मोजली होती तिचे पंजे... मी हे तिच्यासमोर कधी बोलले नाही, पण तीच एकदा मनगट पुढे करून म्हणाली, मास्तरीण, खूण कर शाईने, बुडवून बघू.

डॉक्टरांची औषधं चालू झाली, आणि मावशींचं तेलही. डॉक्टरांना विचारलं होतं, ते म्हणाले, कातडीला त्रास नसेल तर लावा. मावशी रोज संध्याकाळी दोन्ही मनगटं चोळायच्या आणि विचारायच्या, बरा वाटतंय का? वनिता म्हणायची, माहीत नाही. रोज तोच प्रश्न, रोज तेच उत्तर. मी एकदा समोर होते. मावशी तेलाची वाटी उचलून आत गेल्या आणि मोरीतून मला ऐकू येईल अशा बोलल्या, "एकदा हो बोलली तं जीभ झडंल काय हिची?" त्या अख्ख्या गावाला तेल देत होत्या आणि गाव म्हणत होतं गुण आला. एकच माणूस म्हणत नव्हतं, आणि नेमकं त्याच माणसाने म्हणावं असं त्यांना वाटत होतं.

मी वनिताला म्हटलं, म्हण ना एकदा, काय जातं तुझं. ती म्हणाली, "हात हलका झाला म्हणून हो म्हणेन का आईला बरं वाटावं म्हणून, ते माझं मलाच कळणार नाही. काय लावलंय ते मला माहीत आहे ना. मग माझं दुखणं साक्षीला कसं चालेल?" मग म्हणाली, पण मलाही कळायला हवंय गं. खरंच उतरतं का ते. एवढ्या वर्षांत ते एकदा नीट कळायला हवंय.

म्हणून तिने ते ठरवलं. दोन मनगटं, दोन बाटल्या. एकीत मावशींचं निगडीचं तेल, दुसरीत साधं तिळाचं तेल. निगडीचा वास लपत नाही, म्हणून दोन्हींत गवती चहाचा अर्क घालायचा. रंग दिसू नये म्हणून बाटल्या तपकिरी. एका बाटलीला लाल दोरा, दुसरीला काळा, लाल नेहमी उजव्या हाताला आणि काळा डाव्याला. कुठल्या दोऱ्यात काय, हे मावशी ठरवणार आणि कुणालाही सांगणार नाहीत. मी म्हटलं, मी भरते की, मावशी कशाला? ती म्हणाली, तुझा चेहरा? आणि आईचा चेहरा बघ, बिल्डरची माणसं वर्षानुवर्षं बघून दमली. मला ते पटलं नव्हतं. मी तिलाच तिचं वाक्य ऐकवलं, आपल्याचं माप आपण घ्यायचं नाही. ती म्हणाली, "माप मी घेणार आहे. आई फक्त भरणार."

मावशींनी सगळं नीट ऐकून घेतलं. साधं तेल म्हणजे कसं, हेही विचारलं. "म्हंजे ज्यात काय नाय तो," असं म्हणून मान हलवली. बिल्डरसमोर बसायच्या तशाच बसल्या होत्या.

त्यानंतर वनिताचा संध्याकाळी फोन यायचा. उजवा इतका, डावा इतका, दहापैकी. कधी दोन्ही वाढलेले, कधी दोन्ही उतरलेले. मी ऐकायचे आणि मनात उजव्यावर पैज लावायचे, मग डाव्यावर. फरक पडेना. एक दिवस फोनवर ती म्हणाली, बंद करते आता, निकाल लागला. काय लागला? फरक नाही. म्हणजे निगडी आणि रिकामं तेल सारखंच... मला काय झालं कोण जाणे, मला मावशींचाच राग आला. एवढी वर्षं गावाला काय देत होत्या त्या? वनिता मात्र हसायला लागली, हसता हसता खोकला लागला, तो खोकला तेव्हाच वेगळा होता. खोकला थांबल्यावर म्हणाली, "आईला काही सांगू नकोस. निकाल माझा आहे." मी समजले, आईला वाईट वाटू नये म्हणून.

शेवटची भेट अंबरनाथच्या हॉस्पिटलातून घरी आणल्यानंतरची. फुप्फुसांनी हात टेकले होते, नाकात नळी. ती दोन्ही हात उशांवर ठेवून बसली होती, मनगटाखाली एक एक उशी. मी शेजारी बसले. दोन्ही अभ्र्यांवर हिरवट डाग होते, तेलाचे. मी बघतेय हे तिने बघितलं आणि हात जरा सरकवून ते डाग झाकले. मला काही वाटलं नाही. औषधशास्त्र शिकवते मी, संशय घ्यायला वनिताकडून शिकले, आणि समोरचं हिरवं मला दिसलं नाही. आम्ही कॉलेजातल्या उंदरांबद्दल बोललो. निघताना मी म्हटलं, बरी दिसतेस. तिने नळीखालून ओठ हलवले. काय म्हणाली ते ऐकू आलं नाही, पण मला माहीत आहे.

तेरावं झाल्यावर काही आठवड्यांनी मी पालेगावला गेले. कुंपणापलीकडे आता टॉवरची भिंत आली आहे, निगडीचं एकच झुडूप भिंतीला टेकून उरलंय. मावशी ओटीवर बसल्या होत्या. चहा दिला, माझ्या मुलांची चौकशी केली, आणि मग सरळ विचारलं, ती काय बोलली होती, कुठला हात बरा?

वनिताला 'बरी दिसतेस' म्हटलं ते सोडलं तर मी कुणाला गोड खोटं सांगितलेलं नाही, आणि वनिताच्या आईला तर सांगणारच नव्हते. पण निकाल माझा आहे, असं ती म्हणाली होती. निकालवालीच नव्हती आता. मी म्हटलं, मावशी, फरक नव्हता. दोन्ही हात सारखेच होते.

मावशींचा चेहरा हलला नाही. त्या म्हणाल्या, "नसनारच. दोन्ही बाटल्यांत सारखाच होता."

मला वाटलं मी नीट ऐकलं नाही. त्यांनी परत सांगितलं. दोन्हींत निगडीच. रिकाम्या तेलाची बाटली त्यांनी भरलीच नव्हती. मी विचारलं, पण तुम्ही तर हो म्हणालात, तुम्हाला सगळं समजलं होतं... "समजला होता ना. म्हनूनच," मावशी म्हणाल्या. "तिचा एक हात दुखत ठेवायचा, आसा होता तो. खोटा तेल कसा लावू गो पोरीला?"

म्हणजे काहीच सिद्ध झालं नव्हतं. निगडी चालते हेही नाही आणि चालत नाही हेही नाही. आमच्या वनिताची शेवटची चाचणी तिच्या आईनेच बिघडवली होती आणि बिचारीला... तेवढ्यात मावशी म्हणाल्या, तिला ठावा होता.

कसा? तर चाचणी चालू असतानाच एका संध्याकाळी वनिताने दोन्ही उशांचे अभ्रे मावशींसमोर धरले होते. दोन्हींवर हिरवट डाग. साधं तिळाचं तेल हिरवं डागत नाही आणि गवती चहाचा अर्कही नाही. मावशी बिल्डरसमोर बसायच्या तशा बसून राहिल्या. वनितानेही काही विचारलं नाही. मग बाटल्या हलवून बघितल्या, दोन्ही तळाला आल्या होत्या, आणि म्हणाली, "आये, परत भर. दोन्ही सारख्याच भर."

मावशींनी हे सांगितलं आणि माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या लेखी निकाल लागला होता. पोरीने परत भर म्हटलं, म्हणजे हो म्हटलं. आणि मी तिथे बसून मनातल्या मनात वनितासारखी उलटतपासणी घेत होते. हात हलके झाले म्हणून म्हणाली? का आईने फसवलं ते आवडलं म्हणून? का शेवटी शेवटी कुणाचा तरी हात मनगटावर फिरावा एवढंच हवं होतं? मावशींना मी यातलं काहीच विचारलं नाही. कारण मला एक गोष्ट कळत होती, की चाचणी बिघडली हे समजल्यावरही वनिता फोनवर आकडे देत राहिली होती, आणि मला 'फरक नाही' एवढंच सांगितलं. ते शब्दाला शब्द खरं होतं. दोन सारख्या तेलांत फरक नव्हता. आयुष्यात एकदा तिने कुणाचं तरी खोटं तसंच राहू दिलं, आणि तेही एक खोटा शब्द न बोलता.

मावशींनी कोनाड्यातून बाटल्या काढल्या. तपकिरी, एकीला लाल दोरा, एकीला काळा. दोन्ही भरलेल्या. आता कुणासाठी भरता, असं मी विचारलं नाही. खडू आणि वह्यांचे गठ्ठे धरून धरून माझी दोन्ही मनगटं दुखतात हे त्यांना कुठून माहीत होतं कुणास ठाऊक, वनितानेच सांगितलं असणार. त्यांनी माझा उजवा हात ओढून मांडीवर घेतला, लाल दोऱ्याची बाटली उघडली आणि अंगठ्यापासून चोळायला सुरुवात केली. गवती चहाच्या खालून निगडीचा उग्र वास वर आला. चांगलं चोळून झाल्यावर मी सवयीने डावा हात पुढे केला.

मावशींनी बाटलीला बूच लावलं.

"डावा ऱ्हाऊ दे तसाच," त्या म्हणाल्या. "नायतर बोलशील, कशाच्या तुलनेत?"

शब्द अगदी तिचेच होते, आवाजसुद्धा. मी म्हटलं, मावशी, तिला का नाही असं केलंत मग? एक हात तसाच का नाही ठेवलात?

त्या बाटल्या परत कोनाड्यात ठेवत होत्या, माझ्याकडे पाठ होती. म्हणाल्या, "तिचा नाय ठेववला. तुजा ठेवता येतो."

रिक्षाने घरी येईपर्यंत मी दोन्ही हात मांडीवर वेगवेगळे धरून बसले होते. ड्रेसवर उजव्या बाजूला हिरवट डाग पडला आहे, धुतला तरी गेला नाही. मावशींचा फोन येतो अधूनमधून. विचारतात, कुठला बरा. आणि मी दोन्ही मनगटं फिरवून बघते, नीट, परत एकदा, आणि खरं काय ते सांगते.